पाते मरते उन्हात, कळते पावसात

मृग नक्षत्र जवळ आले की खानदेशातल्या घराघरांत एक लगबग सुरू होते. धाब्याच्या घरावर पांढरी माती टाकून ती चोपायची, पत्र्याचे सैल झालेले खिळे ठोकायचे, सरपण आणि गोवऱ्या आत घ्यायच्या, वर्षभराचे पापड-कुरडया डब्यांत बंद करायच्या आणि माळ्यावरची छत्री काढून तिच्या काड्या तपासायच्या. शेतकऱ्यांची बियाण्यांची धावपळ असते ती निराळीच. ही सगळी यादी आपल्या आज्या-पणज्यांनी तयार केलेली. साहजिकच तिच्यात मोटारगाडीला जागा नाही. आता मात्र आमच्या फैजपूरसारख्या गावातही गल्लीगल्लीत मोटारी उभ्या दिसतात आणि प्रत्येकीच्या पुढच्या काचेवर दोन काळी पाती आडवी पडलेली असतात. वर्षातले आठ महिने त्यांच्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही. मग एका संध्याकाळी टपोरे थेंब पडू लागतात, चालक बटण फिरवतो, पाती थडथडत उठतात आणि काच स्वच्छ होण्याऐवजी तिच्यावर चिखलाची एक सुरेख कमान उमटते. समोरून येणाऱ्या ट्रकचे दिवे त्या कमानीत असे फुटतात, की रस्ता कुठे संपला आणि शेत कुठे सुरू झाले, हेच कळेनासे होते.

बहुतेकांचा समज असा, की वायपर पावसात झिजतो आणि म्हणून त्याची काळजी कोकणातल्या लोकांनी करावी. आमच्या जिल्ह्यात पाऊस पडतो तो वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आतबाहेर. एवढ्याशा पावसाने पाते कितीसे झिजणार? खरी गोष्ट नेमकी उलटी आहे. पाण्यात पाते सुखी असते, पाणी हेच त्याचे वंगण. ते मरते उन्हात. मे महिन्यात जळगाव, भुसावळ, फैजपूर, रावेर या पट्ट्यात पारा ४५ अंशांवर जाणे आम्हाला नवे नाही. हे झाले सावलीतले तापमान. उन्हात उभ्या असलेल्या गाडीची काच आणि बोनेट त्याहून कितीतरी जास्त तापते, आणि पाते त्या तापलेल्या काचेला दिवसभर चिकटून असते. सूर्यप्रकाशातले अतिनील किरण आणि हवेतला ओझोन वायू रबराचा लवचिकपणा हिरावून घेतात. रबर कडक होते, त्याच्या धारेवर बारीक चिरा पडतात आणि काचेला टेकून राहिल्यामुळे ती धार एका बाजूला वाकते, ती तशीच राहते. बाहेरून पाहिले तर पाते काळे, अखंड आणि ठाकठीक. पण आतून ते कधीच गेलेले असते आणि त्याचा दाखला मिळतो पहिल्या पावसात, बहुधा रात्री आणि बहुधा रस्त्यावर.

हे नीट समजायचे तर वायपर काच कसा पुसतो ते पाहायला हवे. आपण फरशीवर फडके फिरवतो तसा तो फिरत नाही. पात्याच्या खालच्या कडेला रबराची एक पातळ जीभ असते. पाते डावीकडून उजवीकडे जाताना ती मागे कलते, आणि परत फिरताना दुसऱ्या बाजूला उलटते. म्हणजे जीभ नेहमी पात्याच्या मागून ओढली जाते आणि पाणी तिच्या कडेने कापले जाते. प्रत्येक फेरीच्या टोकाला ही उलटापालट व्हायलाच हवी. रबर कडक झाले की जीभ उलटत नाही. मग ती काचेवर उभी घासत, उड्या मारत जाते. थडथड आवाज येतो तो याचाच. काचेवर बारीक रेघा उरत असतील तर धारेला चिरा पडल्या आहेत असे समजावे. एखादा पट्टा पुसलाच जात नसेल तर तिथे पाते काचेला टेकत नाही. आणि सगळीकडे धुरकट पडदा उरत असेल तर दोष पात्याचा कमी आणि काचेवरच्या तेलकट थराचा जास्त. डिझेलचा धूर, रस्त्यावरची धूळ आणि पहिल्या पावसात दिव्यांवर झेपावणारी पाखरे यांचा मिळून हा थर होतो.

एवढ्याशा वस्तूचा इतिहास मात्र मोठा रंजक आहे. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या मेरी अँडरसन या बाई हिवाळ्यात न्यूयॉर्कला गेल्या होत्या. ट्रामचा चालक बर्फाने माखलेल्या काचेतून काही दिसेना म्हणून खिडकी उघडून, थंडीत कुडकुडत गाडी हाकत होता. बाईंच्या डोक्यात कल्पना आली, की आतूनच एक दांडी ओढावी आणि बाहेर रबराच्या पात्याने काच पुसावी. १९०३ च्या नोव्हेंबरात त्यांना तिचे पेटंट मिळाले. पण ही वस्तू विकत घ्यायला कोणी पुढे आले नाही. १९२० मध्ये पेटंटाची मुदत संपली आणि वायपर सर्रास दिसू लागले ते त्यानंतर. बाईंच्या पदरात एक पैसाही पडला नाही.

दुसरी कथा रॉबर्ट कर्न्स या अभियंत्याची. लग्नाच्या रात्री शँपेनच्या बाटलीचे बूच उडून त्यांच्या एका डोळ्याची दृष्टी गेली होती. पुढे रिमझिम पावसात गाडी चालवताना त्यांना वाटले, की आपली पापणी काही सारखी फडफडत नाही, थांबून थांबून मिटते. मग वायपरने तसे का करू नये? थांबून थांबून चालणारा वायपर त्यांनी १९६० च्या दशकात तयार केला. मोठमोठ्या मोटार कंपन्यांनी ती युक्ती आपली म्हणून वापरली, असा त्यांचा आरोप होता. १९७८ मध्ये त्यांनी फोर्ड कंपनीवर दावा लावला आणि तब्बल बारा वर्षांनी, १९९० मध्ये, त्यांना एक कोटी डॉलरहून थोडी अधिक भरपाई मिळाली. पुढे त्यांच्यावर चित्रपटही निघाला. सांगायचे काय, की समोरचे दिसणे या साध्या गोष्टीसाठी माणसांनी आयुष्ये वेचली आहेत. आणि आपण ते सगळे उन्हात करपू देतो.

आता थोडे घरचे सांगतो. काही वर्षांपूर्वी जूनमध्ये माझा पुण्याचा भाचा त्याच्या आईला, म्हणजे माझ्या ताईला घेऊन फैजपूरला आला, तो दोन दारांच्या, दोन आसनांच्या परदेशी स्पोर्ट्स कारमधून. आपल्याकडे अशा गाड्या थोड्या. गोव्यात १९९० च्या दशकाच्या अखेरीस सान स्टॉर्म नावाची फायबरच्या अंगाची, उघड्या छताची दोन आसनी गाडी तयार होऊ लागली होती, ती मी चित्रात पाहिली होती. ही मात्र प्रत्यक्ष आमच्या अंगणात उभी. गल्लीतली पोरे गोळा झाली. भाच्याने गाडी जुनी, म्हणजे पहिल्या मालकाकडून घेतलेली होती आणि दोन उन्हाळे ती उघड्यावर उभी होती. येताना वाटेत शिडकावा झाला तेव्हा पात्यांनी काचेवर रेघोट्या ओढल्या, असे ताईच सांगत होती. भाचा निर्धास्त होता. त्याने परदेशातून माल मागवणाऱ्या एका विक्रेत्याकडून नवी कोरी जोडी मागवलेली होती आणि ती डिकीत पडून होती. “मामा, दहा मिनिटांचं काम आहे,” असे म्हणून त्याने पाकीट फोडले. जेवणे आटोपून रात्रीच पुण्याला निघायचा त्याचा बेत होता. म्हणजे भुसावळ, जळगाव करत अजिंठ्याचा घाट उतरत्या रात्री आणि उत्तरेकडे तर ढग दाटून आलेले.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका मिस्त्रींचे छोटेसे गॅरेज आहे. केळीच्या ट्रका आणि ट्रॅक्टर दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला. स्पोर्ट्स कार पाहायला तेही आले. भाच्याने पाती बसवली, लांबी बरोबर, आकडी बरोबर. काचेवर तांब्याभर पाणी ओतले, बटण दाबले आणि काच आरशासारखी झाली. भाचा खूश. मिस्त्री मात्र पात्याकडे मान वाकडी करून पाहत राहिले.

“हे डावखुऱ्याचं पातं आहे, भाऊ,” ते म्हणाले.

“म्हणजे काय? पुसतंय की चांगलं!”

“उभ्या गाडीत पुसू राह्यलं. गाडी पळाली का वारा त्याले उचलीन. पंख कोनीकडे आहे ते पाहा न.”

मग त्यांनी दाखवले. या नव्या चालीच्या पात्यांच्या पाठीवर रबराचा एक तिरपा पंख असतो. समोरून येणारा वारा त्या पंखावर आदळून पात्याला काचेवर दाबतो, अशी त्याची योजना. त्यासाठी पाते आडवे पडलेले असताना पंखाचा उतार बोनेटच्या बाजूला हवा. भाच्याच्या पात्यांचा उतार छताकडे होता. कारण ती जोडी जिथे चालक डावीकडे बसतो अशा देशांसाठी बनवलेली होती. तिथे वायपरच्या दांड्या उलट्या बाजूने येतात, फिरतात उलट्या बाजूने, आणि पात्याची पाठही त्या हिशेबाने घडवलेली असते. आपल्या उजव्या हाताच्या गाडीला ती लावली, की जो वारा पात्याला दाबायचा तोच त्याच्या पोटाखाली शिरून त्याला उचलू पाहतो. अंगणात ही गोष्ट कधीच कळली नसती. ती कळली असती घाटाच्या अलीकडे, ऐंशीच्या वेगात, मुसळधार पावसात. आणि शेजारच्या आसनावर माझी साठी ओलांडलेली बहीण.

भाचा जरा हिरमुसला. पुण्याला उद्या सकाळी कामावर हजर व्हायचे होते. “हळू चालवीन की मामा,” असे तो दोनदा म्हणाला. मी काही बोलायच्या आत ताईनेच पिशवी परत घरात नेऊन ठेवली आणि म्हणाली, “अरे, मोतीबिंदू झालेल्या बाईलासुद्धा रात्री एकटीनं रस्ता ओलांडू देत नाहीत. तुझ्या गाडीला तर दोन्ही डोळ्यांत झालाय.” विषय संपला. त्या रात्री आमच्याकडे शेवभाजी आणि कळण्याच्या भाकरीचा बेत झाला आणि बाहेर जो पाऊस कोसळला त्याने दोन गल्ल्यांपलीकडचा दिवाही दिसेना.

सकाळी मिस्त्रींनी फुटपट्टी घेऊन दोन्ही पाती मोजली. चालकाकडचे २२ इंच, शेजारचे २०. दोन्हीकडची लांबी सहसा वेगळी असते आणि मोजायचे रबर, दांडी नव्हे. दांडीच्या टोकाची रचना त्यांनी कागदावर रेखाटून दिली. बहुतेक गाड्यांना इंग्रजी यू अक्षरासारखी वाकलेली आकडी असते. काही नव्या गाड्यांना बाजूने खिळा शिरतो, काहींना वरून कळ दाबून पाते निघते. लांबी जुळली आणि आकडी जुळली नाही तर पाते घेऊन उपयोग नाही. तो कागद घेऊन भाचा जळगावला गेला आणि दुकानदाराला त्याने एकच वाक्य वाढवून सांगितले, की पाते उजव्या हाताच्या गाडीसाठी हवे. दोन तासांत योग्य जोडी घेऊन तो परत आला.

इथे पात्यांच्या जातींविषयी दोन शब्द सांगायला हवेत. जुनी पद्धत सांगाड्याची. लोखंडी पट्टीला लहान-लहान नख्या असतात आणि त्या रबराला चार-सहा ठिकाणी धरून ठेवतात. जीप किंवा जुन्या ट्रकांच्या उभ्या, सपाट काचेला हे पाते उत्तम. ते स्वस्त असते आणि त्याचे नुसते रबर बदलूनही काम भागते. दुसरी जात सपाट पात्याची. तिला सांगाडा नसतो, रबराच्या पोटात पोलादाची एक वाकवलेली पट्टी असते आणि ती सबंध लांबीवर सारखा दाब देते. स्पोर्ट्स कारची काच मागे कललेली आणि दोन्ही बाजूंनी गोलाई असलेली असते. तिथे सांगाड्याच्या नख्या टोकाशी काच सोडतात, शिवाय वेगात वारा सांगाड्याला उचलतो. म्हणून अशा गाडीला सपाट पातेच लागते आणि त्याची वक्रताही काचेशी जुळावी लागते. तिसरी जात मधली, सांगाड्यावर प्लॅस्टिकचे आवरण चढवलेली. रबरातही प्रकार आहेत. साधे रबर, काचेवरून सहज सरकावे म्हणून ग्रॅफाइट लावलेले रबर आणि सिलिकोन. सिलिकोन महाग खरे, पण ऊन सोसण्यात सरस. आमच्यासारख्या मुलखात रोज उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीला ते परवडते.

बसवण्याचे काम सोपे आहे, पण एक धोका त्यात लपलेला असतो आणि मिस्त्रींनी पहिल्यांदा त्याचाच बंदोबस्त केला. घरातून एक जाड टॉवेल मागवून तो घडी करून काचेवर अंथरला. वायपरच्या दांडीत जोरकस स्प्रिंग असते. पाते काढल्यावर नुसती लोखंडी दांडी उभी राहते. ती हातातून सुटली की खाडकन काचेवर आपटते आणि दोनशे-चारशे रुपयांच्या पात्यापायी हजारोंच्या काचेला तडा जातो. टॉवेल असेल तर ही भीती नाही.

दुसरी गोष्ट, या गाडीचे वायपर बोनेटच्या कडेखाली लपलेले असतात. तिथूनच दांडी वर ओढायला गेले तर ती बोनेटला अडते आणि रंग खरवडला जातो. अशा गाड्यांना पाती काचेच्या मध्यावर आणून उभी करण्याची सोय असते. इंजिन बंद केल्याबरोबर वायपरची कळ दाबायची, असा काहीसा तिचा प्रकार. प्रत्येक कंपनीची तऱ्हा वेगळी, म्हणून गाडीबरोबर मिळालेले पुस्तक उघडावे. मग दांडी वर करायची, सांध्याजवळची खुंटी दाबायची आणि पाते दांडीच्या बुडाकडे सरकवायचे. ते आकडीतून सुटते. नवे पाते त्याच वाटेने उलटे चढवायचे, ‘टक’ असा आवाज येईपर्यंत. आवाज आला नाही तर काम झाले नाही. एका वेळी एकच पाते बदलावे, म्हणजे दुसरे नमुन्याला राहते. रबरावर प्लॅस्टिकची टोपी असेल तर ती काढायला विसरू नये. शेवटी दांडी हाताने हळू खाली टेकवावी, काच साबणाच्या पाण्याने धुवावी आणि मगच बटण दाबावे.

दुपारी मायलेक निघाले. अजिंठ्याच्या घाटात त्यांना पावसाने गाठलेच. रात्री ताईचा फोन आला. म्हणाली, “पाऊस असा, की काचेपुढं कोणी धोतर धरलंय. पण रस्ता शेवटपर्यंत दिसला.”

सगळ्यांकडे काही स्पोर्ट्स कार नसते आणि सगळ्यांना पंखाची भानगड पडत नाही. पण रस्ता सगळ्यांचा एकच आहे. बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्यावर रावेर, सावदा, फैजपूर, यावल, चोपडा या पट्ट्यात केळीचे ट्रक रात्रंदिवस धावतात, आणि पावसात बिनदिव्याची बैलगाडी, सायकल किंवा शेतातून परतणारी बाया-माणसे कडेने चालत असतात. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी दोन सेकंदांत सुमारे ३३ मीटर पुढे जाते, म्हणजे तीन मोठे ट्रक एकामागे एक उभे केले तर होईल एवढे अंतर. समोरच्या दिव्याने काच फुलली आणि ती निवळायला दोनच सेकंद लागले, तरी एवढे अंतर आपण आंधळेपणाने तोडलेले असते. त्या अंतरात कोण असेल ते आपल्या हाती नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या १०१ व्या नियमाने गाडीला चालू स्थितीतला वायपर सक्तीचा केला आहे तो उगाच नव्हे.

काही घरगुती उपाय आपल्याकडे चालतात, त्यांचाही हिशेब करू. कडक झालेल्या रबराला रॉकेल किंवा डिझेल चोळतात. रबर तासभर मऊ वाटते, मग फुगते आणि लवकर फाटते. वायपर बंद पडला की काचेवर तंबाखू चोळायची जुन्या चालकांची रीत मी ऐकली आहे. गॅरेजपर्यंत पोचायला तिने कदाचित निभेल, पण चोळलेला थर रात्री दिव्यांत चमकतो. उन्हात पाती उभी करून ठेवायची पद्धतही आहे. काचेची धग चुकते हे खरे, पण वळवाच्या वावटळीत दांडी आपटली तर काच गेली. त्यापेक्षा गाडी सावलीत लावावी, नाही तर काचेवर जाड कापड टाकावे. धुळीने भरलेल्या कोरड्या काचेवर वायपर चालवणे म्हणजे पॉलिश कागदाने काच घासणे. आधी पाणी, मग वायपर. आणि आठवड्यातून एकदा ओल्या फडक्याने रबराची धार पुसून घेतली, तर तेवढ्यानेही पात्याचे आयुष्य वाढते.

खानदेशात बहुतेक गाड्यांना वर्षातून एकदा पाती बदलणे भाग आहे आणि ती वेळ आहे मे महिन्याचा शेवट. आधी बदलली तर नवे रबर पुन्हा उन्हात भाजते. पाऊस सुरू झाल्यावर बदलू म्हटले तर दुकानात हव्या त्या मापाची जोडी संपलेली असते. पारख करायला मिस्त्रीही लागत नाही. गाडी थंड असताना, पहाटे, पाते वर उचलून रबराच्या धारेवरून बोट फिरवावे. बोटाला खरखर लागली, काळी पूड आली किंवा धार एका अंगाला वाकून बसली असेल, तर ते पाते गेले. हे काम घरातले शाळकरी पोरही करू शकते, आणि त्याला ते करायला आवडते. मृगाआधीच्या यादीत छत्रीच्या खाली ही एक ओळ लिहून ठेवावी. या रविवारी गाडी पुसायला काढाल तेव्हा बोट फिरवून पाहा.